पुन्हा शागीर्द



मिहानजवळून जाणाऱ्या वर्धा रोडवर मोटारी आणि ट्रक दुरुस्त करणारी लहानमोठी गॅरेजे तुम्ही पाहिलीच असतील. अशा एखाद्या गॅरेजात तुमच्याहून थोडा मोठा मुलगा काम शिकत असतो. त्याचे कपडे ऑईलने माखलेले असतात. पाना हातात देणे, चाक उतरवणे, नटबोल्ट रॉकेलने धुऊन ठेवणे अशी कामे तो करतो. मेकॅनिकला तो नावाने हाक मारत नाही. तो त्याला उस्ताद म्हणतो. काही वर्षांनी हाच मुलगा इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखू लागतो. मग तो स्वतःचे गॅरेज टाकतो, दारावर नावाची पाटी लावतो आणि त्याच्याकडे नवी मुले काम शिकायला येतात. तो आता स्वतःच उस्ताद होतो.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. नावाची पाटी लागल्यावर, गिऱ्हाइकांची गर्दी सुरू झाल्यावर, हा मेकॅनिक पुन्हा दुसऱ्या एखाद्या उस्तादासमोर पाना घेऊन उभा राहील का? मला अजून काही येत नाही, ते शिकवा, असे म्हणेल का? फारच थोडी माणसे असे करतात. आज आपण अशाच एका माणसाची ओळख करून घेणार आहोत. त्यांच्या हातात मात्र पाना नव्हता, व्हायोलिन होते.

त्यांचे नाव गजानन अनंत जोशी. लोक त्यांना गजाननबुवा म्हणत. मराठीत गवयाच्या किंवा कीर्तनकाराच्या नावापुढे आदराने बुवा लावतात. आपण खाँसाहेब म्हणतो ना, तसेच हे. गजाननबुवा गायकही होते आणि व्हायोलिनवादकही होते. दोन्ही कामे सारख्याच तोलाने करणारी माणसे आपल्या देशात फार झाली नाहीत.

गजाननबुवांचा जन्म १९११ साली झाला. घरात गाणे होते. त्यांचे आजोबा मनोहरबुवा गाणारे होते. वडील अनंत मनोहर जोशी हे तर मोठे गवई. त्यांना सारे अंतुबुवा म्हणत. अंतुबुवा हे औंध संस्थानचे दरबारी गायक होते.

हे औंध कोठे आहे? सातारा जिल्ह्यात. इंग्रजांच्या काळात ते एक लहानसे संस्थान होते. हैदराबाद किंवा बडोदा यांच्यापुढे त्याचा आकार अगदीच छोटा, जेमतेम ७२ गावांचा. पण तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना कलांची फार आवड होती. ते स्वतः चित्रे काढत आणि कीर्तन करत. त्यांनी जमवलेल्या चित्रांचे आणि मूर्तींचे संग्रहालय आजही औंधच्या टेकडीवर उभे आहे. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. अशा राजाच्या पदरी अंतुबुवा होते. त्यामुळे गजाननाच्या कानावर लहानपणापासून तंबोऱ्याचा आवाज पडत असे.

अंतुबुवांचे गुरू होते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. त्यांचे नाव तुम्ही ऐकले नसेल. ग्वाल्हेरचे ख्यालगायन महाराष्ट्रात आणून रुजवण्याचे मोठे काम त्यांनी केले. बाळकृष्णबुवांना ही विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून मिळाली आणि वासुदेवबुवांना ती ग्वाल्हेरच्या हस्सूखाँकडून मिळाली. म्हणजे एका मुसलमान उस्तादाच्या गळ्यातले गाणे एका मराठी ब्राह्मणाच्या गळ्यात आले. तेथून ते इचलकरंजीकरांकडे आणि त्यांच्याकडून औंधला पोहोचले. गाण्याच्या वाटा अशाच असतात. त्या नकाशावर दिसत नाहीत.

भाषेच्याही तशाच असतात. हा पाठ वाचताना किती तरी शब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील. उस्ताद, तालीम, रियाज, साज, ख्याल हे सगळे तुमच्या उर्दूतलेच आहेत. मराठीत येताना त्यांनी थोडे कपडे बदलले, इतकेच. महफिल मराठीत मैफल झाली. शागिर्द मराठीत शागीर्द झाला. लिहिताना गी दीर्घ काढायला विसरू नका, उर्दूच्या सवयीने तुम्ही तो नेहमी ऱ्हस्व काढता. सारंगी किंवा व्हायोलिन वाजवण्याच्या काठीला मराठीत गज म्हणतात. तोही शब्द फारसीतून आला आहे. गजाननबुवांच्या नावातला गज म्हणजे मात्र हत्ती. तो संस्कृतातला.

गजाननाची पहिली तालीम वडिलांकडेच झाली. त्या काळी गाण्याची तालीम म्हणजे वही आणि पेन्सिल घेऊन बसणे नव्हे. गुरू एक ओळ म्हणणार आणि शिष्याने ती तशीच म्हणायची. चुकली तर पुन्हा. बरोबर आली तरी पुन्हा. एखादी जागा गळ्यावर बसेपर्यंत पुढची ओळ मिळायची नाही. घरचाच गुरू असला की सवलत मिळते असे तुम्हाला वाटेल. बहुधा उलटेच घडते. ज्यांचे वडील शिक्षक आहेत, त्या मुलांना हे चांगले ठाऊक असेल.

गाण्याबरोबर गजाननबुवा व्हायोलिनकडे वळले. व्हायोलिन हा साज मूळचा आपला नाही. तो युरोपातून आला. आपल्या देशात तो दोन वाटांनी पसरला. दक्षिणेत मुथुस्वामी दीक्षित या थोर रचनाकारांचे बंधू बालुस्वामी दीक्षित यांनी इंग्रजांच्या बँडमधील वादकाकडून हे वाद्य शिकून घेतले आणि कर्नाटक संगीतात आणले. पश्चिमेकडे गोव्यात पोर्तुगीजांच्या चर्चमध्ये आणि चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन शिकवत. त्यांतले अनेक जण पुढे मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. जुन्या चित्रपटगीतांत मागे जी पन्नास-पन्नास व्हायोलिने एकदम वाजतात, त्यांत गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा आहे.

पण हिंदुस्थानी ख्याल व्हायोलिनवर कसा वाजवावा? सतारीला घराणी होती. सरोदाला होती. सारंगी तर गवयांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली होती. व्हायोलिनला असा आधार फारसा नव्हता. आखलेली वाट नसलेल्या रानात गजाननबुवांना चालायचे होते.

हे काम किती अवघड होते, ते समजण्यासाठी आधी हा साज नीट पाहू या. व्हायोलिनची लांबी साधारण ६० सेंटिमीटर असते. त्याला चार तारा असतात. गज साधारण ७५ सेंटिमीटर लांब असतो. त्याला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बांधलेले असतात. या केसांना राळ चोळावी लागते, नाही तर गज तारेवरून नुसता घसरतो आणि आवाजच निघत नाही. युरोपातले वादक उभे राहून किंवा खुर्चीवर बसून, व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवतात. आपल्याकडे वादक जमिनीवर मांडी घालून बसतो. व्हायोलिनचा एक भाग खांद्याजवळ छातीला टेकवतो आणि दुसरे टोक उजव्या पावलावर ठेवतो. त्यामुळे डावा हात मोकळा होतो आणि तारेवर खालीवर सरकू शकतो. तारा जुळवण्याची पद्धतही आपली वेगळी आहे. आपल्याकडे षड्ज आणि पंचम यांना धरून तारा जुळवतात.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. सतारीला पडदे असतात. हार्मोनियमला पट्ट्या असतात. बोट पट्टीवर ठेवले की ठरलेला स्वर वाजतो. व्हायोलिनला पडदा नसतो, पट्टीही नसते. तेथे काळी, गुळगुळीत लाकडी पट्टी असते आणि तिच्यावर कोणतीही खूण नसते. स्वर कोठे आहे, ते वादकाच्या कानाला ठाऊक असावे लागते. बोट केसभर जरी सरकले, तरी स्वर बेसूर होतो. शिवाय तारेवर जसजसे खाली पुलाकडे जावे, तसतशी दोन स्वरांतली जागा कमी होत जाते. म्हणून नव्या शिकाऊचे व्हायोलिन ऐकताना शेजारी दारे लावून घेतात. यात त्यांचा दोष नाही.

पण जी अडचण आहे, तीच या साजाची ताकदही आहे. पडदा नसल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर बोट न उचलता घसरत जाता येते. याला मींड म्हणतात. माणसाचा गळा नेमके हेच करतो. तुम्ही एखाद्या मित्राला लांबून हाक मारून पाहा. तुमचा आवाज पायऱ्या चढत जात नाही, उतारावरून घसरल्यासारखा जातो. हार्मोनियम पायऱ्या चढतो. व्हायोलिन गळ्यासारखे घसरू शकते.

आकाशवाणीने १९४० साली आपल्या कार्यक्रमांत हार्मोनियम वाजवण्यावर बंदी घातली होती. ती बंदी १९७१ पर्यंत चालली. हार्मोनियमवर मींड काढता येत नाही आणि त्याचे पक्के ठरलेले स्वर आपल्या रागांना जुळत नाहीत, असा तेव्हाचा आक्षेप होता. ती बंदी योग्य होती की नाही, यावर संगीतातले लोक अजूनही वाद घालतात. मला तरी ती थोडी जास्तच कडक वाटते. पण त्यामुळे सारंगी आणि व्हायोलिन यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले, हे खरे.

गळ्यासारखे घसरू शकणे आणि गळ्यासारखे गाऊ शकणे, या दोन गोष्टी एक नाहीत. येथेच गजाननबुवांच्या जीवनातील खरी गोष्ट सुरू होते.

वडिलांकडून ग्वाल्हेर घराण्याची गायकी शिकल्यावर गजाननबुवांचे नाव होऊ लागले. मैफली मिळू लागल्या. एवढ्यावर थांबले असते, तरी त्यांचे काही अडले नसते. घरची विद्या होती, संस्थानचा आश्रय होता. पण त्यांना वाटले, आपल्याला अजून शिकायचे आहे.

प्रथम ते रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकले. वझेबुवा सावंतवाडीकडचे. गाणे शिकण्यासाठी ते लहान वयात घर सोडून निघाले आणि हालअपेष्टा सोसत ग्वाल्हेरपर्यंत गेले. तेथे निसार हुसेन खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. फारसे कोणी गात नाही असे अनेक राग त्यांच्याजवळ होते. हे शिक्षण गजाननबुवांना तसे सोपे गेले असणार, कारण मुळात घराणे एकच होते.

पुढचे पाऊल मात्र निराळे होते. गजाननबुवा आग्रा घराण्याचे उस्ताद विलायत हुसेन खाँ यांच्याकडे गेले. त्यानंतर जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद भुर्जीखाँ यांच्याकडेही गेले. आज तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी घराण्यांच्या भिंती फार उंच होत्या. एका घराण्याच्या गवयाने दुसऱ्या घराण्याची चीज गायली, तरी लोक नावे ठेवत. उस्तादही आपली विद्या सहजासहजी बाहेर देत नसत. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती त्यांची दौलत होती. अशा वेळी एका दरबारी गवयाच्या मुलाने, स्वतःचे नाव झालेले असताना, दुसऱ्या घराण्याच्या उस्तादापुढे शागीर्द म्हणून बसायचे! आपल्याला येत असलेले बाजूला ठेवायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. यात मानही जाऊ शकतो. वडिलांचे गाणे याला पुरेसे वाटले नाही का, असे लोक विचारू शकतात. विलायत हुसेन खाँ आणि भुर्जीखाँ यांनीही आपले दार उघडले, हे त्यांचे मोठेपण आपण विसरता कामा नये.

उस्ताद विलायत हुसेन खाँ हे नत्थनखाँ यांचे चिरंजीव. नत्थनखाँ यांनी भास्करबुवा बखले यांना शिकवले होते. विलायत हुसेन खाँ यांनी अनेक चिजा रचल्या आणि त्यांत ते प्राणपिया हे टोपणनाव घालत. उर्दू शायर शेवटच्या शेरात आपला तखल्लुस घालतात, तसेच हे. मुंबईत त्यांच्याकडे कितीतरी लोक शिकले. १९६२ साली त्यांचे निधन झाले.

उस्ताद भुर्जीखाँ हे थोर अल्लादियाखाँ यांचे धाकटे चिरंजीव. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादियाखाँ यांना आपल्या दरबारी आणले होते. तारुण्यात खाँसाहेबांचा आवाज गेला. जो आवाज परत आला, तो पहिल्यासारखा नव्हता. तेव्हा त्या आवाजाला पेलेल अशी एक नवीच गायकी त्यांनी घडवली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या. भुर्जीखाँ कोल्हापुरात राहत. मल्लिकार्जुन मन्सूर हेही त्यांच्याकडे शिकले. १९५० साली भुर्जीखाँ वारले. तेव्हा गजाननबुवांनी चाळिशीही ओलांडली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे गुरू तर गायक होते. त्यांतला एकही व्हायोलिन वाजवून दाखवणारा नव्हता. मग गजाननबुवांचे व्हायोलिन त्यांच्यामुळे कसे सुधारले?

हे समजून घेणे थोडे कठीण आहे, पण आपण प्रयत्न करू. गाणारा माणूस श्वास घेतो. एका श्वासात जेवढे बसेल, तेवढे तो गातो, मग थांबतो, पुन्हा श्वास घेतो. ऐकणाऱ्याच्या नकळत गाण्याची वाक्ये तयार होतात. व्हायोलिन वाजवणाऱ्याला श्वासाची अडचण नसते. गज एका दिशेने संपला की तो उलट दिशेने फिरवायचा, आवाज चालूच राहतो. त्यामुळे नुसता हात तयार असलेला वादक न थांबता बोलणाऱ्या माणसासारखा होतो. त्याच्या वाजवण्यात स्वल्पविराम नाही आणि पूर्णविरामही नाही. गायकाकडे शिकलेल्या वादकाला आपला गज श्वासासारखा वापरावा लागतो. कोठे फिरवायचा, कोठे थांबवायचा, कोठे इतका हलका करायचा की स्वर तारेवरून उठून गेल्यासारखा वाटावा, हे त्याला गाणे शिकवते.

चिजेला शब्द असतात. व्हायोलिनला शब्द उच्चारता येत नाहीत. पण गाताना जेथे अक्षर पडते, तेथे गज फिरवला, आणि जेथे एकच अक्षर लांबवले जाते, तेथे एकाच गजात सारे स्वर ओढले, तर ऐकणाऱ्याला शब्द ऐकू आल्यासारखे वाटते. अशा वाजवण्याला गायकी अंग म्हणतात. त्यासाठी वादकाला आधी ती चीज तोंडपाठ असावी लागते आणि ती गाता यावी लागते. नुसती बोटे कितीही चपळ असली, तरी ती येथे उपयोगी पडत नाहीत.

तीन घराण्यांची गायकी गजावर तीन तऱ्हेचे काम मागते. ग्वाल्हेरचे गाणे सरळ, मोकळे. चीज नीट मांडायची, तान सरळ वर जाऊन सरळ खाली यायची. व्हायोलिनवर अशी तान घेणे फार जोखमीचे असते, कारण सरळ रेषेत एकही स्वर लपवता येत नाही. प्रत्येक स्वरावर बोट नेमके पडलेच पाहिजे. आग्र्याच्या गाण्यात जोर आहे. सुरुवातीला नोमतोमची आलापी असते. मग चिजेच्या शब्दांशी लयीचा खेळ चालतो, शब्द तालावर तोडून, फिरवून, तबल्याशी चकमक करत म्हणतात. गजाला येथे छोटे छोटे ठाम आघात करावे लागतात आणि ते आघात तालात अचूक बसावे लागतात. गजाननबुवांनी तबल्याचेही शिक्षण घेतले होते, ते येथे कामी आले. जयपूरचे गाणे याच्या अगदी उलटे. तेथे स्वर एकमेकांत गुंतलेले, एकातून दुसरा निघणारा. लांब श्वासाचा आकार. तान सरळ न जाता वळणे घेत, वेढे घालत जाते. तेथे गज लांब, अखंड चालला पाहिजे आणि डाव्या हाताची बोटे मात्र आतल्या आत वळत राहिली पाहिजेत. म्हणजे उजवा हात शांत आणि डावा हात कामात. हे जमायला वर्षे लागतात.

तुम्ही घरी याचा छोटा प्रयोग करू शकता. एका हाताने पोटावर सावकाश गोल फिरवा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने डोक्यावर टपटप मारा. दोन मिनिटांत तुमचे दोन्ही हात एकच काम करू लागतील. वर्गात मुलांकडून हे करून घेतले, तर तास हसण्यातच जातो. पण व्हायोलिन वाजवणाऱ्याला हीच अडचण रोज, तासन्‌तास, गंभीरपणे सोडवावी लागते.

गजाननबुवांनी तिन्ही गायकी एकत्र कालवून त्यांची खिचडी केली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तीन ठिकाणी शिकलेला माणूस सहसा तसेच करतो. थोडे येथून, थोडे तेथून घेतो आणि कोणाचाच रंग उरत नाही. गजाननबुवा ग्वाल्हेरची चीज ग्वाल्हेरच्या पद्धतीने, आग्र्याची आग्र्याच्या आणि जयपूरची जयपूरच्या पद्धतीने मांडत. प्रत्येक उस्तादाची अमानत त्यांनी वेगवेगळी जपली.

पुढे गजाननबुवांनी आकाशवाणीतही काम केले. औंधचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, दरबार संपला. पण औंधचे गाणे संपले नाही. आपल्या घराण्याचे गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ जोशी मंडळींनी औंधला संगीताचा उत्सव सुरू केला होता. गजाननबुवांनी तो पुढे नेला आणि त्यांच्या मागे त्यांच्या घरच्यांनी व शिष्यांनी तो चालू ठेवला. राजा गेला, राजवाडा शांत झाला, तरी त्या लहान गावात मोठमोठे कलावंत येऊन गात राहिले.

अंतुबुवांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. तो गाण्यासाठी होता. १९६७ साली ते वारले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७२ साली, त्याच अकादमीचा पुरस्कार गजाननबुवांना मिळाला. तो मिळाला व्हायोलिनसाठी. बापाला गळ्याबद्दल आणि मुलाला गजाबद्दल!

या सगळ्यापेक्षा गजाननबुवांची खरी कमाई म्हणजे त्यांचे शिष्य. गुरू म्हणून ते अतिशय कडक होते. एखादी जागा आली नाही, तर ती येईपर्यंत सोडत नसत. चुकीचा सूर त्यांना सहन होत नसे. पण शिकवायला बसले की हातचे राखून ठेवत नसत. ज्याला स्वतः दारोदार जाऊन विद्या मिळवावी लागली, त्याला तिची किंमत कळते. अशी माणसे दोन प्रकारची होतात. काही जण ती कुलपात ठेवतात, काही जण वाटून टाकतात. गजाननबुवा दुसऱ्या प्रकारचे होते. संगीताचे मोठे अभ्यासक अशोक दा. रानडे त्यांच्याकडे शिकले. गायिका वीणा सहस्रबुद्धे त्यांच्याकडे शिकल्या. मुलगा मधुकर यांनी गाणे आणि व्हायोलिन दोन्ही पुढे चालवले.

आणखी एका शिष्याचे नाव मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते आपल्या विदर्भातले आहेत.

वर्धा रोडवर मिहानपाशी उभे राहा आणि दक्षिणेकडे पाहा. हैदराबादकडे जाणाऱ्या बसगाड्या तुमच्यासमोरून जातील. त्या बुटीबोरी, जाम, हिंगणघाट ही गावे मागे टाकत नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या पांढरकवड्याला पोहोचतात. हे यवतमाळ जिल्ह्यातले गाव. सभोवती कापसाची शेते. तेथे कशाळकर नावाचे एक वकील राहत. वकिली सांभाळून ते गाण्याचा अभ्यास करत आणि आपल्या मुलांनाही शिकवत. त्यांचे चिरंजीव उल्हास कशाळकर यांचा जन्म १९५५ सालचा. पहिले धडे वडिलांकडे घेऊन ते नागपूरला आले. नागपूर विद्यापीठात संगीत शिकले आणि पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. नागपुरात राजाभाऊ कोगजे आणि खर्डेनवीस या गुरूंकडेही त्यांनी तालीम घेतली.

पदवी हाती आली होती. विद्यापीठात पहिला क्रमांक होता. नागपुरात राहून शिकवण्या केल्या असत्या, तरी पोट भरले असते. पण ते मुंबईकडे गेले आणि तेथे राम मराठे व गजाननबुवा जोशी यांच्याकडे नव्याने शिकू लागले. गजाननबुवा तेव्हा म्हातारे झाले होते. अंतुबुवांकडून, विलायत हुसेन खाँकडून, भुर्जीखाँकडून जे घेतले होते, ते त्यांनी या तरुणाला दिले.

१९८७ साली गजाननबुवांचे निधन झाले. उल्हास कशाळकर पुढे कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू झाले आणि २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांचे गाणे ते गातात. त्यांच्या मैफलीत एखादा राग झाला की जाणकार मंडळी हळूच एकमेकांच्या कानात सांगतात, की ही तान अल्लादियाखाँच्या घरची आणि ही बोलबाट आग्र्याची.